खुर्चीचं मत

कल्याण, कोळीवाडा
२८ नोव्हेंबर १९८८

ती. दादास,
शेवंतीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत. तू विधानसभेत तालिका सभाध्यक्ष झालास हे मालूच्या बाबांनी पेपरात वाचलं आणि आळीभर सांगत सुटले. म्हणजे नेमकं काय, ते मात्र कोणालाच सांगता येईना. मी आपलं म्हटलं, मोठे अध्यक्ष चहाला उठले की दादा त्यांच्या खुर्चीवर बसतो. लहानपणी माहेरी चेंदणीत आट्यापाट्या खेळताना तूच खेळायचास आणि तूच पंच व्हायचास, तसंच ना?

आता कामाचं. खाडीत भराव टाकून गोदामं बांधायला सरकारची परवानगी निघाली. जिथे भराव पडणार तिथेच आमच्या होड्या लागतात. ते थांबवा, असा ठराव नऊ तारखेला शुक्रवारी तुमच्याकडे येणार म्हणे. तू बोलशील ना? हे नागपूरला यायचं म्हणतात, पासाचं बघ.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
शेवंती

नागपूर
३ डिसेंबर १९८८

चि. सौ. शेवंतीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

चहाचं अगदीच चूक नाही. अध्यक्ष, उपाध्यक्ष दोघेही नसले की आम्हा तालिकेवरच्यांपैकी एक जण खुर्चीवर बसतो. कोणाला बोलू द्यायचं, कोणाला थांबवायचं, हे त्याने बघायचं. स्वतः बाजू घ्यायची नाही, मत द्यायचं नाही. दोन्हीकडची मतं सारखी पडली तरच त्याचं एक मत. तेव्हाही रीत अशी, की एकट्याच्या मताने नवं काही घडवू नये. आहे ते तसंच राहू द्यावं. असा प्रसंग इथल्या जुन्या लोकांनीही क्वचितच पाहिलाय.

पण शुक्रवारी माझी पाळी नाही. मी माझ्या बाकावर असेन आणि बोलेन. बाबांनी वल्हं धरायला शिकवलं तिथपासून भाषणाची सुरुवात केली आहे. गोमाजीरावांचा गॅलरीचा पास सोबत आहे. त्यांना म्हणावं, घोषणा देऊ नका, नाहीतर मेहुण्यालाच बाहेर काढलं म्हणून पेपरात यायचं.

मालूला आशीर्वाद. तुझी माया अशीच असू दे.
भिवाजीदादा

नागपूर
१० डिसेंबर १९८८

चि. सौ. शेवंतीस आशीर्वाद.

गोमाजीराव घरी पोचल्यावर सांगतीलच, तरी माझ्याकडूनही कळावं म्हणून लिहितो.

काल अध्यक्षांना ताप होता. उपाध्यक्ष मुंबईला गेलेले. तालिकेवरचे बाकीचे शुक्रवार म्हणून आपापल्या गावाला निघून गेले होते. सचिव माझ्या बाकाशी वाकून म्हणाले, की आपणच चलावं, नाहीतर सभागृह तहकूब होईल आणि ठराव बुडेल. मी भाषणाचे कागद खिशात घातले आणि वर जाऊन बसलो.

आपल्या जिल्ह्यातला एक तरुण आमदार चांगला बोलला. वेळ संपल्यावर मीच घंटी वाजवून त्याला थांबवलं. सरकारी बाकांवरचेही काही जण ठरावाच्या बाजूने उभे राहिले. शिरगणती झाली. मतं समसमान. सगळे माझ्याकडे पाहू लागले. गॅलरीत गोमाजीराव हात जोडून बसले होते.

मी म्हणालो, की खुर्चीचं मत ठरावाच्या विरुद्ध. ठराव फेटाळला आहे. मग पुढचा विषय पुकारला. तो कोणता होता, आज आठवत नाही.

नंतर फाटकाशी गेलो, तोवर गोमाजीराव निघून गेले होते.

काहीतरी लिही.
दादा

कल्याण
२७ डिसेंबर १९८८

ती. दादास शि. सा. न.

लिही म्हणालास म्हणून लिहिते.

हे आले, हातपाय धुतले, जेवले. संध्याकाळी आळी जमली तेव्हा एवढंच म्हणाले, की दादाने नियमाने केलं. आळीतले वडीलधारे नामाकाका म्हणाले, की मग आपला माणूस वर बसून काय उपयोग. कोणी भांडलं नाही. उठून गेले सगळे.

ट्रक सुरू झालेत. दिवसभर माती पडते. होड्या वर ओढून ठेवल्यात. मी बघते, पण रडू येत नाही, रागही येत नाही. दुसऱ्यांची मासळी विकत घेऊन बाजारात बसते.

एकच विचारायचंय. आहे ते तसंच राहू द्यायची रीत, असं तू लिहिलेलंस. मग दादा, खाडी होती तशी का नाही राहिली?

सवडीने लिही.
शेवंती

ठाणे, नौपाडा
१५ जानेवारी १९८९

चि. सौ. शेवंतीस आशीर्वाद.

परवानगी आधीच निघालेली होती, म्हणून 'आहे ते' म्हणजे ती परवानगी. खाडी त्याच्याही आधीची, पण ती कागदावर नव्हती. हे उत्तर नियमाला धरून आहे. तुझ्या दारात उभं राहून मला ते देता येणार नाही.

तालिकेतून माझं नाव काढा, असं अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, की अशीच माणसं तिथे हवीत. माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या अधिवेशनातही बसायचं आहे.

कल्याणला येऊ का, तेवढं कळव.
दादा

कल्याण
३० एप्रिल १९८९

ती. दादास शि. सा. न.

मालूचं लग्न ठरलं. मुलगा डोंबिवलीला कारखान्यात आहे. होडीवरचा नको, असं तीच म्हणाली. लग्न एकवीस मेला, दारातच.

नामाकाका सांगून गेले, की भिवाजी येणार असेल तर आळी जेवायला येणार नाही. ह्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, की मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो, ती जागा दुसऱ्याला देता येत नाही. जे येणार नाहीत त्यांची ताटं घरी पोचवू. भराव पडल्यापासून इतकं पहिल्यांदाच बोलले.

तेव्हा ये. कोणी तुझ्याशी बोलणार नाही, कदाचित हेही नाही. मी कामात असेन. मालूच्या पाठीशी उभा राहा, अक्षता टाक, आणि जेवल्याशिवाय जाऊ नकोस.

शेवंती