राघोबाची परडी

॥ श्री जगदंबा प्रसन्न ॥

तुळजापूर,
ता. २० फेब्रुवारी १९५९

चि. सौ. सोजर हिस कडूबाई आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र आलं. मी स्वतः वाचलं. जोडाक्षर आलं की जरा थांबले, पण तुझ्या आईला पत्राला हात लावू दिला न्हाय. जावईबापूंनी तुला मशिनीवर शिवण शिकायला घातलं, हे वाचून लई आनंद झाला. सगळ्या आळीत सांगून आले. नागप्पा कासाराची बायको म्हणाली की आता नातीकडून नवी चोळी येणार बघा. मी म्हणलं, येणारच, अन् मी ती तुला दाखवणारसुद्धा न्हाय.

आता दुसरं सांगते, रडायचं न्हाय. तुझा राघोबा आजारी आहे. पिसं फुगवून गोळा होऊन बसतो. शीट पाण्यासारखी. दारात माणूस आलं की तुझ्याच आवाजात ‘या, बसा’ म्हणायचा, ते बंद. म्हणून काल पिंजरा उतरवून धुवायला घेतला, तर तळाशी पेढ्याचा गोळा, पुरणपोळीचा तुकडा, शेव, अन् वाटीत कुणीतरी ओतलेला चहा! मुंग्या लागल्या होत्या.

तू होतीस तेव्हा ओसरीवर लोकर घेऊन बसायचीस, कुणाचा हात पिंजऱ्यात जायचा न्हाय. आता आपल्याकडं उतरणारा प्रत्येक यजमान देवीचं दर्शन घेऊन येतो अन् पुजाऱ्याच्या घरचा राघू म्हणून प्रसादाचा पहिला घास त्यालाच भरवतो. मी नीट ध्यान दिलंय. मंगळवारी, शुक्रवारी गर्दी, की दुसऱ्या दिवशी राघोबा निपचित.

तुझ्या बापाला सांगितलं. आमचा श्रीमंत म्हणतो की यजमानाचा हात धरायचा नसतो, त्यांच्यावर आपली चूल पेटते, अन् प्रसादानं कुणाला काही होत नसतं. मी म्हणलं, तुला होत नसेल, तुझं पोट हंड्याएवढं. त्याचं चिंचोक्याएवढं आहे. तर रागावून देवळात गेला.

पण तू घोर करू नको. तुझा राघोबा मी मरू देणार न्हाय. ही कडूबाईची जबान आहे. जावईबापूंना आशीर्वाद. माया आहे ती पातळ होऊ देऊ नको.

तुझी आजी

॥ श्री ॥

सोलापूर,
ता. २६ फेब्रुवारी १९५९

ती. स्व. आजीस सोजरचा पायांवर डोकं ठेवून शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून पाणी आलंच डोळ्यांत. तुम्ही आईला हात लावू दिला नाहीत, तसं मीही पत्र कुणाला दिलं नाही, मीच तीनदा वाचलं! तुमच्यासाठी या पत्रात जोडाक्षरं बेतानं घातली आहेत.

आजी, त्याचं गोड, तळलेलं, खारट सगळं बंद करा. चहा तर नकोच नको. भिजवलेले मूग, हिरवी मिरची, पेरू, कोथिंबीर द्या. पाणी रोज बदला, वाटी राखेनं घासून मग चांगली विसळा. सकाळचं कोवळं ऊन द्या, तापलं की सावलीत घ्या. चोच घासायला कडुलिंबाची ओली काडी आडवी बांधा. त्याला आंघोळ आवडते, ताटलीत पाणी ठेवलं की आपणच उड्या मारतो.

अन् पिंजरा ओसरीवरून काढून मागच्या परसात टांगा. तिथं यजमान जात नाहीत. बाबांशी भांडू नका. त्यांना माझ्या राघूपेक्षा यजमान जवळचे, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

इकडची मंडळी तुम्हांला नमस्कार सांगतात. आहे तेवढा जीव माझ्यावर राहू द्या.

तुमची सोजर

॥ श्री जगदंबा प्रसन्न ॥

तुळजापूर,
ता. २१ मार्च १९५९

चि. सौ. सोजर हिस आजीचे आशीर्वाद. वि. वि. तू लिहिलंस तसं सगळं केलं. परसात टांगला. पोट सुधारलं, शीट बांधली. मी आनंदानं साखर वाटणार होते, तेवढ्यात काय बघते, पिंजऱ्याखाली हिरवी पिसं! स्वतःच छातीची पिसं उपटत होता. आधी वाटलं किडे झाले. कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. किडा एक न्हाय. मग कळलं, तो एकटा पडलाय. जन्म गेला माणसांत, रोज शंभर पाय बघायची सवय, अन् आता समोर काय, तर शेणाची भिंत. मलाच दोन दिवस माजघरात कोंडलं तर मी केस उपटीन.

म्हणून परत ओसरीवर आणला. आता यजमानांचं काय करायचं? मला एक युक्ती सुचली. हसू नको. येईल त्याला सांगायला लागले की राघोबाला उपास आहे, देवीचा नवस बोललाय. बाया हात जोडायल्या. एका म्हातारीनं पिंजऱ्याला हळदकुंकू लावलं. मला वाटलं, जिंकलं! दुसऱ्या दिवशी त्याच बाया साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या, तुपानं थबथबलेली. म्हणाल्या, उपासाला चालते की. वर शेंगदाण्याचा लाडू. राघोबानं भसाभसा खाल्लं अन् रात्रीत पुन्हा तेच पाणी. तुझा बाप पोट धरून हसला. मग म्हणाला, खोटं बोललीस देवीच्या नावानं, भोग आता.

खोटं बोलले हे खरंय. देवीपुढं नाक घासलं. पण हार मानलेली न्हाय. प्रसादाला न्हाय म्हणता येत न्हाय, अन् राघोबाच्या पोटात तो घालता येत न्हाय. ह्या दोन्हींच्या मधून वाट काढणार. तू शिवण शिक. काजं करताना बोट सांभाळ. आठवण पाठवत जा, तिला तिकीट लागत न्हाय.

तुझी आजी

॥ श्री ॥

सोलापूर,
ता. २ एप्रिल १९५९

ती. स्व. आजीस सोजरचा शि. सा. न. वि. वि. खिचडीचं वाचून आधी हसले, मग छातीची पिसं आठवून जेवण गेलं नाही.

आजी, बाबांचं कार्ड आलं आहे. चैत्री पौर्णिमेची यात्रा तोंडावर आहे, ओसरी भरून जाईल, पिंजरा सोलापूरला घेऊन जा म्हणतात. आमची एकच खोली. गिरणीचा भोंगा भिंतीला तोंड लावून वाजल्यासारखा वाजतो, अन् शेजारच्या बाईंची मांजर दिवसभर आमच्याच उंबऱ्यावर. तरी आणीन. यात्रेतल्या लाडवांपेक्षा मांजर बरी, तिला हाकलता तरी येतं. यात्रेच्या आदल्या रविवारी हे स्वतः येतील. तुम्ही नको म्हणालात तरच येणार नाहीत. लगेच कळवा.

बाबांना राग आला असेल तर माझ्या वाटचा नमस्कार सांगा. तुमच्या पदराची सावली असू द्या.

तुमची सोजर

॥ श्री जगदंबा प्रसन्न ॥

तुळजापूर,
ता. २९ एप्रिल १९५९

चि. सौ. सोजर हिस आजीचे आशीर्वाद. वि. वि. जावईबापूंना येऊ नका म्हणून नुसतं कार्ड टाकलं, त्याचं कारण आता निवांत लिहिते. यात्रा पार पडली. माझे पाय सुजलेत, पण तोंड थांबायला तयार न्हाय.

मी पिंजऱ्याशेजारी एक परडी टांगली. देवीची परडी, कवड्या लावून, हळदकुंकू वाहून, रीतसर. येईल त्याला सांगितलं की राघोबाच्या नावाचा घास परडीत टाका, परडीत पडलं ते देवीला पोचलं. आता खोटं काही न्हाय. संध्याकाळी परडी उतरवायची अन् आळीतल्या पोरांना वाटायची. श्रीमंत भडकला, म्हणाला की देवीची परडी पाखराला? मी म्हणलं, पाखराला कुठं, पाखराला तर त्यातलं शितभर मिळत न्हाय!

लोकांना पटलं. परडी दिवसातून कितीदा तरी भरायची. राघोबा काकडी कुरतडत वरून बघायचा.

पौर्णिमेच्या दिवशी कानडी मुलखातल्या आळंदच्या शिवम्मा आल्या. तुला ठाऊक आहे, तुझ्या आजोबांच्या वेळेपासूनचे आपले यजमान, बरोबर गाडीभर माणसं. त्या दरसाल राघोबाला हातानं होळगी, म्हणजे त्यांच्याकडची पुरणपोळी, भरवतात. परडी दाखवली तर म्हणाल्या, अय्यो, मी काय परकी आहे काय? अन् घास पिंजऱ्यात घातला. मी हात धरला, सोजर. यजमानाचा हात धरला. राघोबाची उघडी छाती दाखवली, म्हणलं, अक्का, तुमच्या मायेनं हा मरायला लागलाय.

त्यांचा चेहरा उतरला. मग लाल झाला. माणसांना गाठोडी उचलायला सांगितली, म्हणाल्या की जिथं आमचा घास नको तिथं आमी नको. सगळी मंडळी पायरीपर्यंत गेली. मला वाटलं, संपलं. घरचे यजमानही गेले, अन् आता राघोबाही सोलापूरला.

तेवढ्यात तुझा बाप गाभाऱ्यातून आला, ओलेत्यानंच. मी आपली मान खाली घातली. तो दारात त्यांच्यापुढं आडवा उभा राहिला, हात जोडले अन् म्हणाला की अक्का, रागवा, दुसरीकडं उतरा, माझ्या तोंडात मारा, पण त्याला होळगी देऊ नका. माझी पोर सासरी गेली, मागं ह्या घरात तिचा तेवढाच आवाज उरलाय. मी तो बंद पडताना बघू शकत न्हाय, म्हणूनच घालवायला निघालो होतो.

 शिवम्मा उंबऱ्यावरच बसल्या. कानडीत काय म्हणाल्या ते कळलं न्हाय, पण डोळे पुसत होत्या. मग सगळ्या होळग्या परडीत ओतल्या अन् स्वतःच्या शिदोरीतली हिरवी मिरची काढून मला विचारलं, ही तरी चालते ना?

राघोबाच्या छातीवर कोंब दिसायला लागलेत, तांदळाच्या कणीएवढे. पिंजरा कुठंही जाणार न्हाय. श्रीमंत सकाळी देवळात जायच्या आधी त्याच्यासाठी काकडी चिरतो, बिया काढून, अन् मी बघितलं की सुरी लपवतो. तो तुला हे काही लिहिणार न्हाय, म्हणून मी लिहिलं. बापाला वेगळं पत्र टाक. सोपं न लिहिता चांगली जोडाक्षरं घालून लिही, त्याला येतात.

थोडं लिहिलं, बाकी जीवानं ओळखून घे.

तुझी आजी
कडूबाई