पत्ता विचारायला जाण्यापूर्वी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मामांच्या दुकानातल्या कटिंग मशीनचं पातं खाली आलं आणि त्या क्षणी माझं पहिलं आयुष्य संपलं. दुसरं आज दुपारी संपण्याचा संभव आहे, कारण मी समोरच्या टेलरमास्तरांकडे त्यांच्या मधल्या मुलीचा पत्ता मागायला जाणार आहे आणि मास्तरांची कात्री हातभर लांब आहे. म्हणून जे आहे ते लिहून ठेवतो.

मी, वय वर्षे बावीस, धंदा बुकबाइंडिंग, शिक्षण तिसऱ्या सत्रापर्यंत, मामांनी ठेवलेलं नाव भडका, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाचंही दडपण नसताना आणि पोटात सकाळच्या चहाशिवाय काहीही नसताना लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. "ते कधी होतं?" असं मामांचं म्हणणं, तेही नोंदवलं. मामा शेजारी पुठ्ठे कापत बसलेत आणि दर दोन ओळींनी मान वाकडी करून वाचतायत.

कलम पहिलं. माझी सर्वांत मोठी मिळकत म्हणजे माझं सोशल मीडियावरचं खातं. त्यावर मला अकराशे चाळीस माणसं फॉलो करतात. त्यांतली नऊ मला रस्त्यात ओळखतील. हे खातं मी सर्व हक्कांसह मामांना देतो. ते बंद करू नये. वह्या शिवतानाचे व्हिडिओ टाकले तेव्हा लांबलांबची गिऱ्हाइकं दुकान शोधत आली, हे मी नाकारणार नाही. थोरली ताई समुद्रापलीकडे राहते. तिच्या बाळाचं पहिलं पाऊल आमच्या आईने इथे त्याच मिनिटाला पाहिलं. पत्राच्या भरवशावर राहिलो असतो तर बातमी येईपर्यंत बाळ शाळेत पोचलं असतं. तेव्हा तिथे वह्या दाखवाव्यात, बाळं पाहावीत. मनातलं मात्र काही टाकू नये. मामा म्हणतात, "पासवर्ड माझ्या लक्षात राहायचा नाही." मामा, तो मशीनच्या डाव्या पायावर खडूने लिहिलाय.

कलम दुसरं. कॉलेजचं ओळखपत्र, ज्या सरांशी भांडून मी बाहेर पडलो त्यांना द्यावं. सर पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवायचे. त्याच नोट्स ताईच्या वहीतही होत्या. एक दिवस मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, पुढचं वाक्य मी सांगू?" सांगितलंही. ते म्हणाले, "बाहेर व्हा." मी झालो. इथपर्यंत दोघांनाही मागे फिरायला जागा होती. पण फाटकाशी मी माझा फोटो काढला, खाली लिहिलं, "आजपासून मोकळा", आणि दोनशे साठ जणांनी त्यावर बदाम ठोकले. संध्याकाळी मला परत जावंसं वाटत होतं. दोनशे साठ माणसांनी वरात काढल्यावर घोड्यावरून उतरणार कसा? त्यांच्यापैकी एकानेही पुढे विचारलं नाही की बाबा रे, आता तू काय करणार आहेस. विचारलं ते मामांनी. "सुई धरता येते का?" म्हणाले. सरांना मी अर्धी माफी देतो. उरलेली त्यांनी नोट्स बदलल्यावर.

कलम तिसरं. माझी सायकल, ज्या मित्राने माझ्या स्टेटसचा फोटो काढून तिच्या वर्गात फिरवला, त्याला मिळावी. सायकलचे ब्रेक लागत नाहीत, हे त्याला सांगण्याची कोणावरही सक्ती नाही.

तो स्टेटस काय होता हे इथे लिहिणं भाग आहे. ती, म्हणजे मास्तरांची मधली मुलगी, गेल्या वर्षी दुसऱ्या शहरात कृत्रिम दात बनवायचं शिकायला गेली. आमचं बोलणं रोजचं होतं. एका दुपारी तीन तास तिचं उत्तर आलं नाही. तीन तास म्हणजे मला तीन पावसाळे वाटले. मी तापलो आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "काही माणसं दात बनवायला शिकतात आणि तोंड उघडायला विसरतात." तेव्हा मला ते फार झणझणीत वाटलं होतं. एक्केचाळीस जण हसले. ती परीक्षा देत होती. बाहेर आल्यावर तिने लिहिलं, "तुला बोलायचं होतं तर मला बोलायचंस. चव्हाट्यावर कशाला?" त्याला आज तेवीस दिवस झाले. माझे सगळे निरोप एका टिकेवर अडकलेत. पोचल्याची दुसरी टिक उमटत नाही.

कलम चौथं. माझा फोन गल्ल्याशेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवावा आणि कटिंग मशीनपासून किमान दहा पावलं लांब ठेवावा. कारण खालीलप्रमाणे.

गार्डकाका, म्हणजे मालगाडीचे निवृत्त गार्ड, नोकरीच्या काळात काकूंनी त्यांना पाठवलेली बत्तीस पत्रं बांधायला घेऊन आले होते. काकू कागदाच्या अगदी कडेपर्यंत लिहायच्या. समास सोडणं म्हणजे त्यांना बोलता बोलता मध्येच उठून गेल्यासारखं वाटायचं. आमच्या धंद्यात कड कापण्याआधी प्रत्येक पान उलटून अक्षर पात्याच्या आत आहे ना ते बघतात. हे मामांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मंगळवारी माझ्या डाव्या हातात फोन होता. एका टिकेच्या दोन होतात का, ते मी बघत होतो. उजव्या हाताने दांडा ओढला.

बोटभर रुंदीची पट्टी पडली. बत्तीस पत्रांतल्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द त्या पट्टीत गेला आणि पट्टी कातरणाच्या पोत्यात. संध्याकाळी खळ लावायला पानं उघडली तेव्हा मला कळलं. पोतं दुपारीच रद्दीवाल्याने नेलं होतं. मामा खळ सांडली तरी गल्ली गोळा करतात. त्या दिवशी त्यांनी दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काका-काकू आले. मी खाली मान घालून सांगितलं. काकांनी चष्मा पुसला, पहिलं पत्र पुढ्यात घेतलं आणि म्हणाले, "पेन्सिल घे. लिही."

आणि ते गेलेले शब्द सांगू लागले. पाठ होते. "मालगाडीच्या शेवटच्या डब्यात मी एकटा," म्हणाले. "सोबतीला एक कंदील, एक हिरवं निशाण, एक लाल आणि ही. दुसरं वाचणार काय?" मी प्रत्येक शब्द पातळ कागदाच्या पट्टीवर लिहून ओळीच्या टोकाला चिकटवत गेलो. असे तीन दिवस. काकू शेजारी बसून तपासत होत्या. एका पत्रात ओळ होती, "येताना न विसरता आणा," आणि पुढे माझं पातं.

"स्वतःला," काका म्हणाले.

"रॉकेल," काकू म्हणाल्या.

"स्वतःला लिहिलं होतंस तू. इतकी वर्षं मी तेच वाचतोय."

"खालची ओळ वाचा. 'डबा परवापासून रिकामा आहे.' स्वतःला कसला डबा?"

मामांना इतकं हसू आलं की त्यांनी पुठ्ठा तिरका कापला. मी विचारलं, काय चिकटवू? काकूंनी काकांच्या बाहीला लागलेली खळ पदराने पुसली. मग म्हणाल्या, "लिही त्यांचंच. रॉकेल काय, आता मिळतंय कुठे."

शुक्रवारी मी काकूंना विचारलं, पत्रातून कधी भांडलात का? "भांडलो की," त्या म्हणाल्या. "एकदा तर असं लिहिलं होतं की वाचलं असतं तर हे घरी आलेच नसते. पण टपालपेटी वीस मिनिटांवर. अर्ध्या वाटेत राग उतरला, तशीच मागे फिरले आणि दुसरं लिहिलं. तेच ते, रॉकेलवालं."

"पहिल्यात काय होतं?" काका दचकून म्हणाले.

"ते चुलीला माहीत."

मी त्या रात्री हिशेब मांडला. दोन वर्षं मी तिला रोज लिहीत होतो. त्यातलं मला एकही वाक्य आठवेना, एक सोडून. आणि ते नेमकं विसरायचं आहे. माझ्या अंगठ्यापासून पाठवायच्या बटणापर्यंत वीस मिनिटं असती तर आज मला या मृत्युपत्राची गरज नव्हती.

कलम पाचवं. माझी हाडाची पट्टी, जिने कागदाला घडी घालतात, ती तिला द्यावी. दातांच्या साच्याची कड घासायला चालेल. दाभण मामांचंच आहे, ते मामांना परत.

कलम सहावं आणि मुख्य. मी तिला पत्र लिहिलं आहे. आयुष्यातलं पहिलं. पहिले तीन खर्डे कातरणाच्या पोत्यात आहेत, ते मामांनी उपसू नयेत. चौथ्यात माफी आहे, सबबी नाहीत, आणि समास सोडलेला आहे. पाकिटाला मी स्वतः शिजवलेली खळ लावली. मग पत्ता लिहायला पेन टेकवलं आणि थांबलो. ती कोणत्या मिनिटाला फोन बघते, कोणत्या मिनिटाला ठेवते, हे मी दोन वर्षं तोंडपाठ सांगू शकत होतो. ती कोणत्या रस्त्यावर राहते ते मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही. पत्त्याची गरजच पडली नव्हती.

तो पत्ता या गल्लीत एकाच माणसाकडे आहे. त्या माणसाला कोण्या गिऱ्हाइकाने माझा स्टेटस वाचून दाखवला आहे, आणि तेव्हापासून त्याने मामांच्या पँटी कमरेत एक इंच कमीच शिवल्या आहेत.

"ते तुझ्यामुळे होय?" मामा आत्ता म्हणाले. "मी रात्रीचं जेवण सोडलं होतं."

मी परत आलो नाही तर मामांनी मास्तरांचा राग ओसरू द्यावा, पत्ता मिळवावा आणि पाकीट पेटीत टाकावं. टाकायला चालत जावं. उत्तर आलं तर ते कोणीही फोनवर कोणालाही दाखवू नये. उत्तर आलं नाही तरी मला ते चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी चव्हाट्यावर ओरडणार नाही.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक मामा. हे मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं. त्यांनी ते ऐकलं, दोनदा हसले आणि खाली सह्या केल्या.

लिहून ठेवणार: सही (भडका)

साक्षीदार एक: सही (मालगाडीचे निवृत्त गार्ड)

साक्षीदार दोन: सही (त्यांची पत्नी. एकट्या काकांच्या साक्षीवर विसंबू नये, असं त्यांचं म्हणणं.)

ठिकाण: बाइंडिंगचं दुकान, खळीच्या पातेल्याशेजारचं टेबल. शनिवार, महिन्याची चौदा तारीख, दुपारी तीन.

समोरचं शिलाई मशीन थांबलंय. मास्तर एकटे आहेत. काकू म्हणतात, "आधी नमस्कार कर, मग पत्ता माग." मामा म्हणतात, "कात्री खाली ठेवलेली बघून आत जा." पाकीट आतल्या खिशात, फोन ड्रॉवरमध्ये. निघालो. दार ओढून घेतो, नाहीतर वाऱ्याने काकूंची पानं उडतील.