पुन्हा बसू का?

प्रिय साहेब,

तुझा मेसेज मिळाला. ‘ताई, पुन्हा बसू का? बाबांना विचारून सांग.’ मेसेज तू अर्धा वाचून सोडून देतोस, म्हणून उत्तर पत्राने देते. हे तरी शेवटपर्यंत वाच.

मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेला तू दोनदा बसलास. पहिल्यांदा ताप आला होता, दुसऱ्यांदा शेजारच्या मुलाचा माउस फार वाजत होता. तिसऱ्या वेळचं कारण अजून ठरलं नसेल तर मी सुचवते. तू उतारा न वाचता प्रश्नाला हात घालतोस, आणि चुकलं की गुण कापतात हे ठाऊक असूनही शेवटी दिसेल त्यावर क्लिक करत सुटतोस. तू मठ्ठ नाहीस. मठ्ठ असतास तर मला तुझी दया आली असती. तुला कष्टाचा कंटाळा आहे आणि तो झाकायला घरात बाबा आणि मी कायम हजर होतो.

इकडे दुकानात बाबांच्या हाताला आता कंप सुटलाय. चष्म्याच्या दांडीतला बारीक स्क्रू त्यांच्याने बसवत नाही. तो टेबलाखाली पडतो आणि मग आम्ही दोघं गुडघ्यांवर. काच घासायच्या मशीनला मी त्यांना हात लावू देत नाही. नंबर तपासण्यापासून गिऱ्हाइकांची कुरकुर ऐकण्यापर्यंत सगळं माझ्याकडे आहे. बाबा काउंटरवर बसून तुझं कौतुक करायचे. पोराला एकाहत्तर मिळाले, फर्स्ट क्लास, तरी कॉलेजने घेतलं नाही, वशिला लागतो हो. अख्ख्या गल्लीला हे पाठ झालं होतं. ते एकाहत्तर पर्सेंटाइल होते, टक्के नव्हते, आणि तुला ते माहीत होतं. बाबा फोनवर शाब्बास म्हणाले तेव्हा तू थँक यू म्हणालास.

मागच्या आठवड्यात मी त्यांना समजावलं. चष्म्याच्या शंभर डब्या काउंटरवर ओळीने मांडल्या, एकेक डबी म्हणजे परीक्षेला बसलेलं एकेक पोर, आणि तुझी डबी कुठे येते ते दाखवलं. तुझ्या पुढच्या डब्या त्यांनी बोट ठेवून मोजल्या. मग म्हणाले, एवढे पुढे? तेव्हापासून गिऱ्हाइकांशी ते फक्त फ्रेमबद्दल बोलतात. मला वाईट वाटलं, पण त्यांच्यासाठी. तुझ्यासाठी वाटतंय का तेही चाचपून पाहिलं. नाही वाटलं.

मला पर्सेंटाइल कसं कळतं, हा प्रश्न तुला पडला नसणार. माझ्याबद्दल तुला प्रश्न पडत नाहीत. क्लाससाठी शहरात जाताना तू परीक्षेची जुनी पुस्तकं इथे टाकून गेलास, रद्दीत घाल म्हणून. सुरुवातीचे धडे सोडले तर बाकी पानं कोरी करकरीत. गिऱ्हाईक नसलं की मी ती सोडवत बसायचे. बाहेरून घेतलेली पदवी हाताशी होतीच, यंदा परीक्षा दिली. ज्या कॉलेजचा फोटो तू भिंतीवर चिकटवला होतास, तिथे मला प्रवेश मिळालाय. बाबा अजून कुणाला सांगत नाहीत, तुला वाईट वाटेल म्हणतात. मला मात्र तुला सांगायचंच होतं, आणि खरं सांगते, सांगताना फार बरं वाटतंय.

तेव्हा पुन्हा बसायचं की नाही, हा प्रश्न आता राहिला नाही. सोमवारी मी निघते. दुकानात स्क्रू बसवणारं कुणी उरणार नाही. त्याआधी ये, काच कशी घासायची ते जमेल तेवढं दाखवीन. बोटं कापतील. तुला क्लासला पाठवायचं म्हणून बाबांनी माझं कॉलेज सोडवून मला त्या मशीनपुढे उभं केलं, तेव्हा माझीही कापली होती. रक्त बघून बाबा घाबरले, तर तू त्यांना म्हणालास, ताईला होईल सवय. झाली. तुलाही होईल.

तुझीच,
ताई