सूनबाईचा ‘या’

३ मार्च, सकाळी ७
आजपासून स्पॅनिश. चिरंजीव परदेशी स्थायिक, त्याची बायको स्पॅनिश बोलणारी. तिला आपलं काही कळत नाही, आपल्याला तिचं. पण मी तीस वर्षं मुद्रितशोधक होतो, भाषा माझ्यापुढे चळचळा कापतात. तीन महिन्यांत सूनबाईच्या चुका काढीन.

९ मार्च
‘या’ नावाचं क्रियाविशेषण. शिसारी आली. ‘आत्ता’ म्हणजेही ‘या’, ‘झालंसुद्धा’ म्हणजेही ‘या’, ‘येतोच’ म्हणतानाही ‘या’. शब्द आहे की धर्मशाळा? ऑनलाइन क्लासच्या बाई म्हणाल्या, काहीतरी बदललं की ‘या’ येतो. मी म्हटलं, आमच्याकडे ‘या’ म्हटलं की पाहुणे येतात. कोणी हसलं नाही. क्लासला दर्जाच नाही.

१४ मार्च
आज ‘या नो’चा पाठ. बुडवला. नाक गळत होतं. शिवाय ‘या’ म्हणजे आत्ता, ‘नो’ म्हणजे नाही. यात शिकायचंय काय, कपाळ?

२२ मार्च, संध्याकाळी ५
चिरंजीवाचा मोबाइल लागेना, म्हणून घरच्या नंबरवर फोन. सूनबाईने उचलला. तो आहे का, असं मी अस्खलित विचारलं. म्हणाली, ‘या नो बीबे आकी.’ आत्ता इथे राहत नाही. म्हणजे ऑफिसच्या दौऱ्यावर! शब्दकोश न उघडता लावला अर्थ. हिला सांगितलं. ही उठून कुकर लावायला गेली. नवऱ्याचं कौतुक करायची पद्धतच नाही या घरात.

२९ मार्च
पुन्हा फोन, पुन्हा तेच वाक्य. कसली ही कंपनी, माणसाला घरी सोडत नाही. वीट आला. सूनबाईचा आवाज बसलेला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, असं स्पॅनिशमध्ये सांगितलं. तिने फोनच ठेवला. वळण नाही.

५ एप्रिल
ते वाक्य बाईंना म्हणून दाखवलं. शंका म्हणून नव्हे, दाद मिळावी म्हणून. बाई म्हणाल्या, काका, ‘आत्ता नाही’ नव्हे. आधी होतं, आता राहिलं नाही, असं ते. तो पूर्वी इथे राहायचा, आता राहत नाही. मग म्हणाल्या, कोणाबद्दल आहे हे?
मी म्हटलं, पुस्तकातलं आहे.

६ एप्रिल, दुपारी
हिला कसं सांगावं, याची चार वाक्यं रात्रभर जुळवली. स्वयंपाकघरात गेलो. ‘अगं, आपला...’ एवढंच बोललो. ही भाजी चिरता चिरता म्हणाली, नोव्हेंबरपासून वेगळा राहतोय तो. तुम्ही दुपारी लवंडलात की मला फोन करतो.
मला का नाही सांगितलं?
म्हणाली, त्याने तीनदा सांगून पाहिलं. तिन्ही वेळा तुम्हीच त्याला काहीतरी समजावत होतात.
आज लवंडलो नाही. अडीचला फोन वाजला. हिने माझ्या हातात दिला. मी विचारलं, जेवलास का? तो हो म्हणाला.
काय जेवलास, असं विचारलं आणि ऐकत राहिलो.