सिंधूचं उर्दू

२ इस्फंदार १३५४ फसली

हा रेणुकादास मास्तर सरळ माणूस नाही. आज खात्री झाली.

तालुक्याहून निरोप आला, शाळा तपासणारे नाजरसाहेब याच महिन्यात मुआयन्याला येणार. शाळेची हैदराबाद सरकारकडची इमदाद, म्हणजे अनुदान, त्या एका तपासणीवर अवलंबून! मिळाली तर आमचे पगार सुटतील, छपरावर पत्रे पडतील. नाही मिळाली तर मारुतीच्या देवळातली ही मराठी शाळा बंद आणि पोरं पुन्हा ढोरांमागे. असं असताना हा काल-परवा आलेला मास्तर म्हणतो काय — "गुरुजी, गणितात चमकू द्या, मराठीत चमकू द्या. उर्दूत पोरं जरा कच्चीच दिसलेली बरी."

कच्ची दिसलेली बरी! वर त्याच्या आधीच्या शाळेचं, देगलूरकडचं काहीतरी सांगायला लागला. मी ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या गावच्या कहाण्या ऐकायला मी काय पारावर बसलोय?

५ इस्फंदार

वर्ग निम्मा रिकामा. ज्वारी हुरड्यात आली, पोरं पाखरं राखायला रानात. सोडलं कुणी? रेणुकादासनं! "हुरड्यात पोरं कुठं थांबतेत गुरुजी?" — वा रे वा! उर्दूच्याच तासाला बरी सोडतो. माझं लक्ष आहे.

घरी बोललो. ही म्हणाली, "तुम्हाला भाकरीच्या पापुद्र्यातसुद्धा कट दिसतो." हिला जगाची काय कल्पना!

९ इस्फंदार

चाकूरच्या बाजारात रेणुकादास. सोबत तालुक्याच्या कचेरीतला कारकून! दोघं पान खात उभे. मला पाहिलं आणि गप्प झाले. चोराच्या मनात चांदणं!

१० इस्फंदार

सापडला!

शेषेराव पाटलांची सिंधू. आमच्या शाळेतली एकमेव मुलगी. शेषेरावांनी घातली ती एकाच बोलीवर — "मराठी साळा हाय म्हून पाठवून राहिलो गुरुजी. पोथी वाचता आली म्हंजी झालं." पण पोरगी काय तल्लख! उर्दूचा धडा एकदा ऐकला की पाठ. मी वारंगलला शिकलेला माणूस. माझे उच्चार ऐकून तिथले मौलवीसाहेब मान डोलवायचे. पण असा कान मी आजवर पाहिला नाही.

ती आज शब्दाशब्दाला अडखळली. मुद्दाम! डोळे वटारले तेव्हा बोलली, "रेणुकादास गुरुजी म्हनले, सायेब आले की आसंच वाचायचं."

आता आणखी काय पुरावा पाहिजे? याला शाळा पाडायची आहे, नाहीतर माझी हेडमास्तरकी पाहिजे. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

११ इस्फंदार

त्याला एका शब्दानं बोललो नाही. मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही!

शाळा सुटली की सिंधूला आणि चार-पाच पोरांना घरी बोलावतो. उर्दू घोटून घेतो. 'क़ाफ' अक्षर पार घशातून आलं पाहिजे! ही पोरांना गूळ-शेंगदाणे देते. सिंधू शेंगदाणे खाते आणि न अडखळता वाचते. ऐकत राहावंसं वाटतं.

१७ इस्फंदार

उद्या मुआयना. रेणुकादासला पहाटेच चाकूरला धाडणार — खडू आणायला. खडू आहेत. मी लपवलेत!

१८ इस्फंदार

जिंकलो!

नाजरसाहेब भला माणूस. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, पोरांची नावं विचारली. गणित झालं, मराठी झालं. मग मी सिंधूला उभं केलं. काय वाचलं पोरीनं! साहेबांनी डोळे मिटले. "वाह बेटी, वाह! ये तो हैदराबाद की बच्ची मालूम होती है!" मग माझ्याकडे वळून, "मास्टरसाब, कमाल कर दिया आपने." माझे डोळे भरून आले. इथे लिहायला काय हरकत आहे?

दुपारी रेणुकादास खडू घेऊन आला. पोरांनी त्याला सगळं सांगितलं. त्याचं तोंड पांढरंफटक! मला इतका आनंद झाला.

२० इस्फंदार

रेणुकादास माझ्याशी बोलत नाही. नसेना बोलत!

६ फरवरदी

महिना पालटला आणि तालुक्याचा चपराशी सांगून गेला — इमदाद मंजूर! मागितली त्याहून जास्त! नाजरसाहेब आमच्या शाळेवर बेहद्द खूश आहेत, लवकरच आणखी मास्तर धाडणार आहेत म्हणे. हिनं शिरा केला. रेणुकादासकडे मुद्दाम वाटी पाठवली. त्यानं ती तशीच परत धाडली. जळतोय!

१४ फरवरदी

नवे मास्तर आले. दोघेही उर्दूचे. हुकूम सोबतच आणला — इतकी तयार पोरं मराठीत का अडकवायची? आजपासून सगळे विषय उर्दूत. आम्हा दोघांना कायमची रजा.

रेणुकादास वळकटी बांधत होता. "देगलूरकडची माझी साळा अशीच गेली, गुरुजी. त्या दिशी तेच सांगून राहिलो होतो." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

शेषेराव आले. म्हणाले, "बोली मराठीची होती." सिंधूची पाटी काखेत मारली आणि निघाले.

१६ फरवरदी

बैलगाडीत सामान भरून निघालो. शेषेरावांच्या रानात उशिराची ज्वारी अजून उभी आहे. सिंधू माळ्यावर चढून पाखरं हाकत होती — उर्दूचा धडा ओरडून. 'क़ाफ' पार घशातून.