बैलाबरोबर रेडा

वडूजजवळून,
चैत्र, १९४४

प्रिय जोतीराम,

हे पत्र तुझ्या पलटणीतल्या गुंडाच्या हाती देतोय. त्याची रजा संपली. टपालानं धाडलं असतं तर तुझ्या साहेबानं आधी वाचलं असतं आणि आमच्या दारात फौजदार आला असता.

गावाचा मला वीट आलाय. तुझे तात्या आणि आमचे दादा, दोघा बापांकडे एकेकच बैल. आपण शेंबडी पोरं होतो तेव्हापासून दोन्ही बैल एका जुवाला जोडून आधी तुमचं रान नांगरायचं, मग आमचं. तू पलटणीत गेलास, आमचा धाकटा कोंडीबा भूमिगत झाला, आणि यंदा दादांनी बैलाबरोबर चक्क रेडा जुंपला. बैल पुढं ओढतो, रेडा वाटेत बसतो. जू तिरकं होऊन बैलाची मान सोलून निघालीय. पू धरलाय, माशा घोंगावतात, बघून मला घास उतरत नाही. आणि दादा पारावर बसून ऐटीत सांगतात, "सरकारच्या चाकराचा बैल माज्या जुवाला नगं." तुझे तात्या त्यांच्याहून शहाणे! ते या वयात कुदळीनं रान खणताहेत आणि त्यांचा बैल गोठ्यात उभा राहून वैरण खातोय. स्वराज्य आलं तर हे दोघं त्याचं काय करणार, देव जाणे.

परवा तात्यांकडे गेलो. पलटण आणि चळवळीवरून कडाक्याचं भांडलो. ते हलले नाहीत, मीही नाही. पण मध्येच त्यांनी गुळाचा चहा टाकायला सांगितला, आणि मी निघताना हळूच विचारलं, "कोंडीबाच्या पायाचं कुरूप बरं झालं का रं? रानात अनवानी फिरत आसंल." मग दोन्ही बैल पुन्हा एका जुवाला का जोडत नाही, म्हटलं, तर म्हणाले, "कोंडीबानं माज्या लेकाला गोऱ्याचा कुत्रा म्हटलं. घशात आडकलंय त्ये." दादांच्या घशात तुझा शब्द. मागच्या रजेत वर्दी घालून, भर पारावर, तू कोंडीबाला दरोडेखोर म्हणालास, तो. म्हणजे तुमच्या तोंडची घाण हे दोन म्हातारे अजून चघळताहेत, आणि पू मुक्या जनावराच्या मानेत. किळस येते रे, तुम्हा चौघांचीही.

काल कोंडीबा घटकाभर विहिरीवर येऊन गेला. मी त्याला काही समजावलं नाही, बैलाची मान दाखवली. बराच वेळ माशा हाकत उभा राहिला. मग म्हणाला, "जोत्याला लिव, कुत्रा म्हनलो त्ये माघारी घेतो. पन पलटण सोड, ह्ये म्हननं सोडनार न्हाई." तुझंही मत तुझ्यापाशी राहू दे, मला ते नको. तेवढा एक शब्द माघारी घे आणि रजेवर येणाऱ्या कुणाच्याही हाती चार ओळी धाड. त्याच पारावर मी त्या मोठ्यानं वाचीन. घाई अशासाठी, की दादा बैल विकायला काढणार आहेत. सडक्या मानेचा बैल कुणी घेत नाही, म्हणूनच अजून थांबलेत. मी रोज त्या जखमेला हळद लावतो, आणि ती लवकर भरू नये असंही मनात येतं.

तुझी वाट बघणारा, अजून तरी तुझाच,
अर्जुना