घंटीच्या जागी दिवा

प्रिय ठके,

हे तुझ्या आईकडून लिहून घेतलेलं नाही, माझंच अक्षर आहे. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईकडून यापेक्षा सुबक मिळणार नाही, तेव्हा नाक मुरडू नकोस.

बातमी अशी, की दवाखान्याच्या चादरी धुणाऱ्या आमच्या लाँड्रीत या महिन्यात सहा मुली कामाला लागल्या. सहाही तुझ्यासारख्याच, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या. पहिल्या दिवशी आमच्या बायकांनी तोंडं वाकडी केली. यांना सांगायचं कसं, म्हणे. मी म्हटलं, भवान्यांनो, मशिनांच्या गोंगाटात तीस वर्षं आपण तरी कुठे तोंडाने बोलतोय? दोन बोटं म्हणजे उशीचे अभ्रे, मूठ म्हणजे थांब, कपाळाला हात म्हणजे साहेब आला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोरींनी सगळ्या खुणा उचलल्या. आता आमच्याच खुणांना हसतात आणि मुकादमीण त्यांच्याकडे शिकायला बसते. चादरीची घडी तर अशी घालतात, की माझ्यासारख्या खवट बाईलाही खोड काढता येईना.

आणि इस्त्रीचा मोठा रोलर सुरू होण्याआधी वाजायची ती घंटी काढून टाकली. आता तिथे लाल दिवा लागतो आणि पायाखालची फळी थरथरते. माझं बोट त्याच रोलरने नेलं. माझंच लक्ष नव्हतं, असं सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे त्या धडधडाटात घंटी मलाही ऐकू आली नव्हती, चांगले दोन कान असून. परवा मी रोलरवर वाकले होते, फळी थरथरली आणि मी हात मागे घेतला. उरलेली नऊच्या नऊ बोटं घेऊन घरी आले.

हा दिवा आणि ही फळी तुझी आहे. दोन वर्षांपूर्वी नोकरीचा अर्ज माझ्या हाती दिलास, त्याच्या पाठीमागे तू काढलेलं दिव्याचं आणि फळीचं चित्र साहेबांनी काच लावून भिंतीवर टांगलंय. कोण आलं की दाखवतात. मीही काम नसताना चारदा त्याच्यासमोरून जाते.

आता मुद्द्याचं. साहेबांनी तेव्हा तुला नाही म्हटलंच नव्हतं. तो अर्ज मी दिलाच नाही. पिठाच्या डब्यामागे ठेवला आणि तुला खोटं सांगितलं. मला रोलरमध्ये तुझा हात दिसायचा. मी शब्द टाकला नाही म्हणून तू रुसून मावशीकडे राहायला गेलीस, तरी मी तोंड उघडलं नाही. मग तीन महिन्यांपूर्वी साहेबांनी सगळ्यांना विचारलं, अशा मुली घ्यायच्या तर घंटीचं काय करायचं. तेव्हा तो कागद मी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सातवी जागा महिनाअखेरपर्यंत तुझ्यासाठी रिकामी आहे. यायचं की नाही ते तू ठरव, रागावून आलीस तरी चालेल. फक्त या वेळी उत्तर थेट साहेबांना पाठव, माझ्या हाती देऊ नकोस.

तुझीच,
नऊ बोटांची खोटारडी आजी